अक्कलदाढ, सूर्यास्त आणि माझी चिठ्ठी



येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता माझी खालची उजवी अक्कलदाढ काढायची ठरली आहे. अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते म्हणतात. माझी ४२ व्या वर्षी अर्धीच वर आली आहे, उरलेली हिरडीखाली आडवी पडून शेजारच्या दाढेला टेकली आहे. वर्षभरात तीनदा गाल सुजला. तिसऱ्या वेळी तोंडात भाकरीचा तुकडा जाईना, तेव्हा यजमानांनी हात धरून दवाखान्यात नेलं.

एक्स-रे बघून आले आणि घरी एका चिठ्ठीवर प्रश्न लिहून काढले. खुर्चीत बसून तोंड उघडल्यावर काही विचारता येत नाही, हे आपल्याला माहीत आहेच.

पहिला प्रश्न, काढायलाच हवी का? न दुखणारी, निरोगी अक्कलदाढ उगाच काढू नये असं ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २००० सालीच सांगून ठेवलं आहे, हे मुलाने मोबाईलवर वाचून दाखवलं होतं. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "बरोबर आहे, पण तुमची निरोगी नाही. वारंवार सूज येतेय आणि शेजारची चांगली दाढ किडायला लागलीय. वय वाढेल तसं हाड कडक होतं, मग काढणं अवघड." हा प्रश्न तिथेच संपला.

दुसरा प्रश्न मनातून जात नव्हता. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांजवळून एक नस जाते. तिला धक्का लागला तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते, बहुधा काही आठवडे किंवा महिने, क्वचित कायमची. दशलक्षणात आमच्या मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय, असे दहा दिवस दहा अध्याय होतात, आणि गेली काही वर्षं वाचन माझ्याकडे आहे. ओठच जड झाला तर सूत्रांचे उच्चार कसे होणार? मॅडमनी एक्स-रे उजेडावर धरून दाखवलं, माझी मुळं नसेपासून थोडी लांब आहेत. कायमचा बधिरपणा शंभरात एकीलाही होत नाही, असं त्यांचं म्हणणं. तरी ती एक आपणच असलो तर, हे मनात येतंच. भाद्रपदापर्यंत हिरडी भरून येते, आतलं हाड भरायला मात्र काही महिने लागतात.

मग आले आपले प्रश्न. हे विचारताना मला थोडा संकोच वाटला, पण मॅडमनी पेन बाजूला ठेवून ऐकलं.

टाके कशाचे घालता? दाताच्या दवाखान्यात काळ्या रेशमाचे टाके अजून सर्रास वापरतात. मी पूजेचं रेशमी पातळ सोडून बारा वर्षं झाली आणि तेच रेशीम हिरडीत शिवून घ्यायचं? कॅटगट नावाचा दुसरा धागा तर जनावराच्या आतड्यापासून करतात. पण पॉलिग्लॅक्टिन नावाचा कारखान्यात बनलेला धागाही मिळतो, तो आपोआप विरघळतो, काढायलाही जावं लागत नाही. तो वापरायचं ठरलं. रक्त थांबवायचा स्पंज बहुधा जिलेटिनचा, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचा असतो. वनस्पतीच्या तंतूपासून केलेलाही येतो, तो त्या मागवून ठेवणार आहेत. मात्र त्या स्पष्ट म्हणाल्या, "रक्त थांबलंच नाही तर हाताला येईल ते वापरीन, चालेल?" मी हो म्हटलं. सासूबाई शेजारीच होत्या, त्यांनीही मान हलवली.

कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचंच असतं. खाण्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो तसा औषधावर बंधनकारक नाही, म्हणून विचारल्याशिवाय कळत नाही. त्याच औषधाची गोळी किंवा पातळ औषध मिळतं का, एवढं विचारायचं. माझ्या सगळ्या गोळ्या निघाल्या.

आणि रात्र. १९ वर्षं मी सूर्यास्तानंतर जेवत नाही, चातुर्मासात पाणीही घेत नाही. दुखणं थांबवायची गोळी तर खाऊन घ्यायची. रत्नकरंड श्रावकाचारात सहाव्या प्रतिमेत रात्री अन्न, पान, खाद्य, लेह्य चारही वर्ज्य सांगितले आहेत. माझी काही प्रतिमा नाही, घरगुती नियम आहे, पण नियम तो नियम. शेजारच्या स्थानकवासी काकूंनी सांगितलं की त्यांच्या पच्चक्खाणाच्या पाठातच आगार असतात, आणि दुखण्यात मनाची समाधी टिकावी म्हणून औषध घ्यावं लागलं तर त्याचाही एक आगार आहे. मला ते फार समजूतदार वाटलं. आमच्याकडे नियम घेतानाच सूट बोलून ठेवतात. माझी औषध-पाण्याची सूट आहे, अन्नाची नाही.

म्हणून सकाळची वेळ मागून घेतली. भूल दोन ते चार तासांत उतरते, म्हणजे दुपारी मऊ काहीतरी खाता येईल. सध्या सोलापुरात सूर्यास्त सातच्या आसपास आहे, साडेसहाला पुन्हा खाऊन गोळी घेता येईल. हेच डिसेंबरात असतं तर सहाच्या आत सगळं उरकावं लागलं असतं. संध्याकाळची अपॉइंटमेंट आपल्यासारख्यांनी घेऊच नये, भूल उतरते आणि कळा सुरू होतात त्या नेमक्या अंधारात. चातुर्मास लागायलाही अजून दहा दिवस आहेत.

दवाखान्याच्या छापील कागदावर कुस्करलेला बटाटा, गाजराचं सूप आणि आइस्क्रीम लिहिलंय. तिन्हीवर काट मारली. आपल्या स्वयंपाकघरात मऊ पदार्थांना काय तोटा? मुगाचं कढण, तूप-भात, नाचणीची खीर, दुधीचं सूप, कुस्करलेलं केळं. ताक घेतलं तर कढणाबरोबर नाही, द्विदल होतं. सगळं कोमट, गरम नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दोन आठवडे बंद, चटणीचा रवा खड्ड्यात जाऊन बसतो. सोलापूरकरणीला ही शिक्षा मोठीच. गालावर शेक बाहेरून थंड द्यायचा, पण बर्फ आमच्या घरात येत नाही, म्हणून मेडिकलमधून जेलची पिशवी आणली.

पहिले २४ तास गुळण्या नाहीत, जोराने थुंकायचं नाही, स्ट्रॉने ओढायचं नाही. रक्ताची गुठळी निघाली तर दोन-चार दिवसांनी खड्डा कोरडा पडून भयंकर ठणकतो. दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठ-पाणी. "थुंकायचं नाही म्हणजे रक्त गिळायचं?" हा सासूबाईंचा प्रश्न. मॅडम म्हणाल्या, कापसाचा बोळा पाऊण तास घट्ट चावून धरायचा आणि लाळ तोंड वाकवून बेसिनमध्ये नुसती गळू द्यायची. सासूबाईंचं समाधान झालं.

माझी भूल जागेपुरतीच आहे, त्यामुळे उपाशी जायचं नाही. गुरुवारी लवकर देवदर्शन करून, साडेआठला पोटभर जेवून निघणार आहे. मुलाचा डबा सासूबाई करणार आहेत.