सिडॉनचे धनुर्धारी

‘सिव्हिलायझेशन ५’मध्ये भारत घेतला की नेता म्हणून गांधीजी मिळतात आणि सैन्यात हत्ती. पण हे हत्ती रथांच्या काळातले. मध्ययुग उजाडलं की भारताकडे स्वतःचं असं खास लढाऊ युनिट उरत नाही, आणि नेमकी तेव्हाच शेजारी सत्तांची चढाई सुरू होते. म्हणून भारत घेऊन बसलो की मी सगळ्यात आधी जवळपास एखादं सैनिकी नगरराज्य आहे का ते शोधतो.

हा खेळ फिरॅक्सिसने २०१० साली आणला. त्यात मोठ्या सत्तांच्या मध्ये एकेका शहराची छोटी राज्यं असतात. ती स्वतः जिंकायला खेळत नाहीत. ज्याच्याशी सख्य, त्याला आपल्याकडचं काहीतरी देतात. सागरी राज्य धान्य देतं, सांस्कृतिक राज्य संस्कृती, सैनिकी राज्य शिपाई. २०१२मध्ये ‘गॉड्स अँड किंग्ज’ हा विस्तार आला तेव्हा यात एक गंमत वाढली. प्रत्येक सैनिकी राज्याला एक खास युनिट ठाऊक असतं, आणि तेही डावात नसलेल्या एखाद्या देशाचं. त्यामुळे इतिहासाचा पार गोंधळ उडतो. एका डावात मला हनोईने अरबांचे उंटस्वार धाडले होते. दुसऱ्यात मी इजिप्त घेतला होता, तर बेलग्रेडहून आपलेच हत्ती आले. आपलाच हत्ती परक्याकडून भेट म्हणून घेताना जरा विचित्र वाटतं.

सांगायचं आहे ते सिडॉनबद्दल. त्या डावात मी भारत होतो, चीन नव्हता, आणि सिडॉनकडे चिनी चु-को-नू होते. हा क्रॉसबोवाल्याचा चिनी अवतार. मारा थोडा कमी, साध्या क्रॉसबोचा १८ तर याचा १४. पण हा एका टर्नमध्ये दोनदा मारतो. सिडॉनशी सख्य जुळवायला फार करावं लागलं नाही. त्यांना छळणारा बार्बेरियनांचा तळ मी उठवला, वर ५०० सोनं दिलं. प्रभाव ६०च्या वर गेला की दोस्ती पक्की. ‘मशिनरी’ शोधून झाल्यावर काही टर्नांनी पहिला चु-को-नू माझ्या हद्दीत उभा होता.

या खेळात एका षटकोनात एकच लढाऊ युनिट मावतं. सैन्याचे ढीग रचता येत नाहीत, म्हणून एकेका युनिटची जात महत्त्वाची. चु-को-नू दोनदा मारतो म्हणजे अनुभवही दोनदा मिळवतो, आणि प्रमोशनं भराभर पदरात पडतात. पण तो मेला तर दुसरा घडवता येत नाही. माझ्या कुठल्याच शहरात तो तयार होणार नव्हता. पुढचा केव्हा येईल ते सिडॉनच्या मर्जीवर, आणि आला तरी नवशिका. साध्या भालाईतांना मी बेलाशक पुढे ढकलतो. या धनुर्धाऱ्यांना मात्र आजोळी आलेल्या नातवंडांसारखं जपलं: जरा लागलं की मागे, बरे झाले की पुन्हा टेकडीवर.

डावात अलेक्झांडरही होता. ग्रीक हे या खेळातलं नगरराज्यांचं सगळ्यात हावरं गिऱ्हाईक. दर टर्नला आपला प्रभाव एकाने झिजतो, त्याचा निम्म्याच वेगाने. माझा खजिना विद्यापीठं बांधण्यात रिकामा होत होता, त्याचा नव्हता. एका टर्नला बातमी झळकली, सिडॉन आता ग्रीसचं दोस्त. थोड्याच टर्नांत अलेक्झांडरने युद्ध पुकारलं आणि नियमाप्रमाणे सिडॉनही त्याच्या बाजूने माझ्याविरुद्ध उतरलं. भाचा शेजारी बसून बघत होता. म्हणाला, “मामा, सिडॉन तर आपलं होतं ना?” होतं. आता त्यांना सोनंही देता येत नव्हतं, कारण युद्ध चालू असताना नगरराज्य भेट घेत नाही. आणि ग्रीसशी तह झाल्याशिवाय ते वेगळा तह करत नाही.

पण दिलेले शिपाई परत जात नाहीत. दोस्ती तुटली तरी युनिट आपलंच राहतं. सिडॉनच्या तटाखालून ग्रीक घोडदळ माझ्यावर आलं आणि सिडॉननेच दिलेल्या चार धनुर्धाऱ्यांनी ते खिंडीत अडवलं. प्रत्येकाचे दोन मारे, म्हणजे टर्नला आठ. सिडॉनवर मी बाण सोडला नाही. त्यात भावना नव्हती. तह झाल्यावर मला ते परत हवं होतं.

असे धाडलेले शिपाई खऱ्या इतिहासातही आहेत. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात पुतळे होऊन उभे असलेले शिपाई जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या संस्थानांच्या घोडदळांचे. २३ सप्टेंबर १९१८ला जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी ब्रिटिशांसाठी हैफा घेतलं. ते खऱ्या सिडॉनच्याच किनाऱ्यावर, त्याच्या दक्षिणेला. छोट्या राज्याने मोठ्या सत्तेला पथक देणं हे असं खरोखरच घडत होतं. आपल्याकडे वसईच्या तहात मात्र उलटं झालं. ३१ डिसेंबर १८०२ला दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची सहा हजारांची तैनाती फौज पत्करली आणि तिच्या खर्चापोटी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. खेळातलं सिडॉन असं काही मागत नाही. शिपाई फुकट देतं. फक्त त्या शिपायांना पोसायचं तुम्ही.

तह झाला, आणि हजार सोनं देऊन मी सिडॉन परत मिळवलं. पुढे औद्योगिक युगात हे चौघे गॅटलिंग गनवाले झाले. गॅटलिंगचा पल्ला एकाच षटकोनाचा, क्रॉसबोचा दोनांचा. म्हणून बरेच जण हा बदल टाळतात. पण माझ्या चौघांनी पल्ला वाढवणारं प्रमोशन आधीच कमावलं होतं, आणि चिनी हाताची ती दोनदा मारायची सवय बदलानंतरही जात नाही. दोन षटकोनांवरून टर्नला दोनदा मारणारी गॅटलिंग ग्रीकांना शेवटपर्यंत झेपली नाही.

जाणकार खेळाडू सैनिकी राज्यांना नाक मुरडतात. धान्य नि संस्कृती दर टर्नला मिळते, शिपाई कधीतरी, असा त्यांचा हिशोब. साध्या शिपायांपुरता तो मला मान्य आहे. पण सोनं कुठे द्यायचं हे ठरवण्याआधी त्या राज्याच्या पडद्यावर एकदा टिचकी मारा आणि त्याला कोणतं युनिट ठाऊक आहे ते वाचा. चु-को-नू, मंगोलांचा केशिक किंवा इंग्रजांचा लाँगबोमन असेल, तर आधी तिथे द्या. दुसरं काही असेल, तर खुशाल सागरी राज्याकडे वळा.