उसना सा

माझ्या गळ्यात सूर नाही. हे विनयाने म्हणत नाही. घरी गणपतीच्या आरतीला माझ्या हातात झांजा देऊन मला गप्प बसवत असत. अशा माणसाला जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीचे सगळे विषय शिकवायचे असतात, आणि त्या सगळ्यांत गाणंही येतं. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’मध्ये चित्राच्या, मातीकामाच्या जोडीला गायन-वादनाची पानं आहेत. बाकीची पानं मी कशीबशी निभावून न्यायचो. गाण्याचं पान आलं की म्हणायचो, ‘जा, पटांगणावर खेळा.’ पोरांची त्याबद्दल काडीची तक्रार नसे.

शाळा भोर तालुक्यातली, वेळवंड खोऱ्यात, भाटघर धरणाच्या फुगवट्याकाठी. दोन खोल्या, दोन शिक्षक, वर पत्रा. जुलैत पत्र्यावर पाऊस लागला की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. समोरच्या खाचरांत चिखलणी चाललेली असते आणि निम्मी पोरं बांधावर. गावाने लोकवर्गणीतून दिलेला लॅपटॉप कपाटात, टॉवेलात गुंडाळून ठेवलेला. शेजारी पोषण आहाराचा तांदूळ. पावसाळ्यात दोघांनाही ओल लागू द्यायची नाही, हे माझं सगळ्यात मोठं प्रशासकीय काम.

त्या लॅपटॉपवर एका रिकाम्या दुपारी तंबोरा लावला. असा तारेविना वाजणारा तंबोरा काही नवा नाही, बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९मध्येच इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला होता. आता तो नुसत्या पडद्यावर उतरलाय. पट्टी विचारली, तर मी भजनी मंडळात ऐकलेली ‘काळी एक’ टाकली. गावात सगळे बाप्ये तिथूनच गातात. पोरांनी सा लावला आणि वर्गाचे दोन तुकडे झाले. वरून धरणारे किंचाळायला लागले, खालून धरणारे घशातल्या घशात पुटपुटायला लागले. मग मी एकेक घर सरकवत गेलो. काळी दोन, काळी तीन. काळी चारवर आलो आणि काहीतरी झालं. अठरा पोरं एकदम एका जागी येऊन उभी राहिली. कुणाला ओढून आणलं नाही, कुणाला ढकललं नाही.

मला तेव्हा कळलं की आमचं राष्ट्रगीत रोज बावन्न सेकंदांत व्यवस्थित संपत असे, पण अठरा पट्ट्यांत. त्याचं खापर मी इतकी वर्षं पोरांच्या गळ्यावर फोडत आलो होतो. गळे चांगले होते. सुरुवात माझ्या आवाजाने होत होती, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून परिपाठाला आधी तंबोरा, मग आम्ही. सा उसना आणायचा आणि परिपाठ संपला की परत करायचा.

तबल्याचा प्रकार मात्र फसला. पडद्यावर तबला-डग्ग्याचं चित्र, बोटाने टिचकी मारली की ‘ना’ वाजतो. आवाज मोठा यावा म्हणून ब्लूटूथचा स्पीकर जोडला. आता टिचकी मारली की आवाज क्षणभर मागून यायचा. पोराने ‘ना’ मारावा आणि तोवर बाकीच्यांची टाळी पुढे गेलेली असावी. तिसरीतला एक मुलगा, घरी ढोल वाजवणाऱ्यांतला, थोडा वेळ बिचकला. मग त्याने टिचकी आधीच मारायला सुरुवात केली आणि आवाज बरोबर टाळीवर आणून बसवला. मी शहाणपणा करून वायर लावली, तर तो पुन्हा चुकायला लागला. माझ्याकडे अशा नजरेने बघितलं त्याने, की मी निमूटपणे वायर काढली.

रेंज आमच्याकडे झेंड्याच्या ओट्यावर येते. तिथे सतरंजी टाकून पोरांना गुगलची ‘साँग मेकर’ नावाची जागा दाखवली. चौकटी चौकटींचं जाळं, चौकट रंगवली की सूर वाजतो. आडवा चालतो तो काळ, उभा चढतो तो सूर. वाचता न येणारी पहिलीतली पोरंही भराभर रंगवायला लागली. त्यात ‘पेंटॅटोनिक’ म्हणून एक पर्याय आहे, पाच सुरांचा. तो निवडला, आणि एकीने जिना चढावा तशा चौकटी रंगवल्या. नातवाचा डबा घेऊन आलेले एक आजोबा फाटकाशी थबकले. भजनी मंडळात पेटी धरतात.

“गुर्जी, ह्यो तर भूप झाला.”

सा रे ग प ध. भूपच होता. मला फार आनंद झाला. अमेरिकेत कुणीतरी बसून केलेल्या खेळण्यात आमच्या काकड्याच्या पहाटेचा राग सापडला होता. आजोबा ओट्यावर टेकले, तीन-चार वेळा ऐकलं, आणि म्हणाले, “पण समदे सूर उभेच हायेत की. चालत कुणीच न्हाई.”

त्यांचं बोलणं खोडून काढावं म्हणून मी मनात पेटीची बाजू घेतली. पेटीही बाहेरूनच आली, तिच्यातही सूर उभेच. आकाशवाणीने तिच्यावर १९४० ते १९७१ एवढी वर्षं बंदी घातली होती, ती याच कारणासाठी की तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत. खेड्यातल्या भजनाने त्या बंदीकडे ढुंकून पाहिलं नाही. पण आजोबांना हे सांगण्यात अर्थ नव्हता. ते पेटीच वाजवतात आणि तिच्यात काय नाही ते गळ्याने भरून काढतात. चौकटींच्या बाजूला गळा नव्हता.

म्हणून पुढच्या आठवड्यात गृहपाठ दिला: आजीची ओवी फोनवर भरून आणा. दोघा-तिघांनीच आणली. बाकीच्यांच्या आज्यांनी गिरणीकडे बोट दाखवलं. चौथीतल्या एकीची आजीही आधी नाहीच म्हणाली, जातं फिरल्याबिगर ओवी कशी यायची? शेवटी डाळ भरडायचं जातं बाहेर काढलं तेव्हा गायली. त्या रेकॉर्डिंगमध्ये घरघर आहे, कोंबडा आहे, मध्येच सुनेला दिलेली हाक आहे.

ते मी ‘ऑडॅसिटी’त उघडलं आणि आवाजाचं चित्र लावलं. फुकट मिळणारं हे सॉफ्टवेअर रेकॉर्डिंगसाठी आहे, शिकवण्यासाठी नव्हे. पण वर्गात मला सगळ्यात उपयोगी तेच पडलं. काळ्या पडद्यावर एकावर एक उजळ रेघा उमटल्या, नांगरलेल्या तासांसारख्या. जात्याची घरघर खाली धुक्यासारखी पसरलेली. आणि आजीचा सूर कुठेच उभा नव्हता. प्रत्येक ओळ खालून वर सरकत यायची, जरा थांबायची, थरथरायची आणि शेवटाला जात्याच्या फेऱ्याबरोबर घसरून जायची. पोरं पडद्याला नाक लावून बसली.

बर्नार्ड बेल नावाच्या फ्रेंच संगणकतज्ज्ञाची मला तेव्हा आठवण झाली. त्यांनी १९८०च्या दशकात ‘बोल प्रोसेसर’ हे सॉफ्टवेअर केलं. लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकणारे जिम किप्पेन त्यांच्या सोबत होते. संगणक तबल्यातल्या कायद्याचे पलटे रचायचा आणि बरोबर की चूक ते उस्ताद सांगायचे. म्हणजे यंत्र शागिर्द. हेच बेल पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याच्या कामात आले आणि मुळशी-मावळातल्या बायकांच्या जात्यापाशी रेकॉर्डर धरून बसले. त्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या; त्यातल्या अनेक आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर आहेत. मुळशी आमच्या भोरपासून फार लांब नाही. जात्यांचा दगड एकच, पाऊस एकच.

मग पोरांनी आपापले आवाज भरून पाहिले. आजीची रेघ वर, आपली खाली. “तुझी पायरीवानी हाय, आजीची घसरगुंडीवानी,” असं एकमेकांना सांगत पुन्हा पुन्हा गायली. मी काही शिकवत नव्हतो; लॅपटॉपची बॅटरी किती उरली आहे ते बघत होतो.

“गुर्जी, आता तुम्ही.”

वीस वर्षांच्या नोकरीत हे कुणी म्हटलं नव्हतं. तंबोरा सुरू केला, सा लावला. रेघ उमटली, बऱ्यापैकी सरळ, मला वाटलं जमलं. ओवी आणलेली मुलगी पडद्याजवळ आली, तंबोऱ्याची रेघ दाखवली, मग माझी. दोन्हींच्या मध्ये बोटभर अंधार होता.

“तुमची खालनं चाललीय.”

तिने तळहात उताणा केला आणि पाण्याने भरलेला तांब्या उचलावा तसा हळूहळू वर नेऊ लागली. मी तिच्या हाताकडे बघत गात राहिलो. अजून, अजून, असं ती नुसतं मानेनं सांगत होती. बाहेर पावसाची सर आली, पत्रा वाजायला लागला, तंबोरा ऐकू येईना आणि मला माझाही आवाज. तिचा हात एका ठिकाणी थांबला, तसा मीही तिथे थांबलो.