इंग्लंडच्या समुद्रकाठी राहायला जाताय? आधी तब्येतीचे हे हिशेब करा



सटाण्यातून परदेशी जाणारी मुले आता नवलाची राहिलेली नाहीत. कांद्या-डाळिंबाच्या घरातली मुलगी नर्सिंग करते आणि दोन-तीन वर्षांत इंग्लंडला रुजू होते. कोणी एमबीबीएस होऊन तिकडची परीक्षा देतो, कोणी शिकायला जातो. यातल्या बऱ्याच जणांना नोकरी लंडनमध्ये मिळत नाही. ती मिळते ब्लॅकपूल, हेस्टिंग्ज, मार्गेट, ग्रेट यारमथ अशा किनाऱ्यावरच्या शहरांत. मग फिटनेस सर्टिफिकेटसाठी आलेले आई-वडील मला हमखास विचारतात, "डॉक्टर, समुद्रनी हवा ते चांगली ऱ्हास ना?"

या प्रश्नाचे सरळ उत्तर असे: हवा चांगली आहे, पण माणूस नुसत्या हवेवर राहत नाही. तो खोलीत राहतो, कामावर जातो, आजारी पडला की दवाखाना शोधतो. इंग्लंडच्या समुद्रकाठच्या शहरांत अडचण येते ती या तीन ठिकाणी. म्हणून आजचा लेख.

समुद्राचे औषध

समुद्र म्हणजे औषध, ही कल्पना इंग्रजांचीच. १७५० मध्ये डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राच्या पाण्याच्या उपचारांवर प्रबंध लिहिला आणि ब्रायटनला रुग्णांची रीघ लागली. १७९१ मध्ये मार्गेटला गरीब क्षयरोग्यांसाठी समुद्रस्नानाचे रुग्णालय स्थापन झाले. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी ब्रायटनला वाफेच्या स्नानाचे आणि चंपीचे दुकान थाटले, ते इतके चालले की इंग्लंडचे राजे त्यांचे गिऱ्हाईक झाले. 'शॅम्पू' हा शब्द आपल्या चंपीवरूनच आला. आपल्याकडेही पूर्वी क्षयाच्या रुग्णाला पाचगणीला हवापालटासाठी पाठवत. तेव्हा क्षयावर औषधच नव्हते, त्यामुळे हवेचा आधार वाटणे साहजिक होते.

पुढे रेल्वे आली आणि किनाऱ्यावर शेकडो लॉज उभे राहिले. नंतर विमानप्रवास स्वस्त झाल्यावर इंग्रज सुट्टीला स्पेनला जाऊ लागले. लॉज ओस पडले. मालकांनी त्यांच्या लहान-लहान खोल्या करून भाड्याने दिल्या. स्वस्त भाडे म्हणून गरीब, आजारी, एकटी माणसे तिथे येऊन राहिली. तरुण मुले शिक्षणासाठी आणि कामासाठी बाहेर गेली, म्हातारी मागे उरली.

इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी प्रा. क्रिस व्हिटी यांनी २०२१ चा आपला वार्षिक अहवाल खास समुद्रकाठच्या लोकांच्या आरोग्यावर लिहिला. त्याचा सूर स्पष्ट होता: देशातले सर्वांत वाईट आरोग्य असलेल्या वस्त्यांपैकी अनेक किनाऱ्यावर आहेत. हृदयविकार, फुप्फुसाचे आजार, नैराश्य, व्यसने, सगळेच तिथे जास्त. पुरुषांचे सरासरी आयुर्मान सर्वांत कमी असलेल्या भागांत ब्लॅकपूलचे नाव वर्षानुवर्षे वर असते. आणि आजार जास्त असूनही रुग्णांच्या प्रमाणात तज्ज्ञ डॉक्टर १५ टक्के कमी, नर्स ७.४ टक्के कमी.

आता लक्षात येईल की आपल्या मुलांना तिथे नोकरी लवकर का मिळते. स्थानिक डॉक्टर जिथे जायला तयार नसतात, तिथल्या जागा रिकाम्या असतात.

माझा मुलगा अशाच एका शहरात, पूर्व किनाऱ्यावर, सरकारी रुग्णालयात डॉक्टर आहे. मागच्या जानेवारीत आम्ही उभयता तीन आठवडे त्याच्याकडे राहून आलो. पुढचे बरेचसे तेव्हा डोळ्यांनी पाहिलेले आहे.

खोली बघताना ओल बघा

समुद्र दिसणारी खोली मिळाली म्हणून भुलू नका. जुन्या लॉजच्या खोलीत भिंतीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीत, कपाटामागे काळी बुरशी असते. आपण बागलाणच्या कोरड्या हवेत वाढलेलो. ओल म्हणजे पावसाळ्यातली चार दिवसांची गोष्ट, असे आपल्याला वाटते. तिथे ती वर्षभर असते. दमा, ॲलर्जी किंवा वारंवार सर्दी-खोकला असणाऱ्याला अशी खोली म्हणजे रोजचा त्रास. रॉचडेल या शहरात (ते समुद्रकाठचे नाही) अवाब इशाक हे दोन वर्षांचे बाळ २०२० मध्ये घरातल्या बुरशीमुळे दगावले. त्याच्या नावाने कायदा झाला आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून सरकारी व सामाजिक घरांच्या मालकांना ओल-बुरशीची दखल ठराविक मुदतीत घेणे बंधनकारक झाले. यावरून गांभीर्य ओळखा.

काय करायचे? भाड्याचा करार करण्यापूर्वी खोली स्वतः किंवा ओळखीच्या माणसाकडून बघून घ्या. नुसत्या फोटोवर पैसे भरू नका. कपडे खोलीत वाळवले की सगळे पाणी भिंतीत जाते. भात-वरण शिजवताना, फोडणी देताना खिडकी थोडी उघडा किंवा एक्झॉस्ट लावा. थंडी वाजते म्हणून सगळ्या फटी बुजवू नका. घरात गॅसचा बॉयलर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, ते विचारा. या वायूला वास नसतो. डोके दुखते, मळमळते, आणि माणूस झोपेतच जातो. खोलीत शेगडी पेटवून शेकत बसणे तर अजिबात नको.

उन्हाचा हिशेब

डिसेंबरमध्ये सटाण्याचा सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो. ब्रायटनला तो ८ तासांचा, उत्तरेला आणखी लहान. मुलगा अंधारात कामावर जायचा आणि अंधारातच परत यायचा. ऑक्टोबर ते मार्च तिथल्या उन्हात त्वचेला ड जीवनसत्त्व तयार करण्याइतकी ताकद नसते. म्हणून तिथले सरकार सर्वांनाच हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट ड जीवनसत्त्व घ्यायला सांगते. सावळ्या त्वचेच्या आणि बहुतेक वेळ घरात-वॉर्डात काढणाऱ्या माणसांनी ते वर्षभर घ्यावे, असा त्यांचा सल्ला आहे. म्हणजे आपण सगळे त्यात आलो. मात्र आपल्याकडची ६०,००० युनिटची पुडी ही डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी घ्यायची असते. ती कोणी रोज घेऊ नये. जास्त झाल्यास रक्तात कॅल्शियम वाढते आणि किडनीला त्रास होतो.

पाण्यात उतरताना

गणपतीपुळ्याला गुडघाभर कोमट पाण्यात खेळलो, एवढाच आपला समुद्राचा अनुभव. इंग्लंडच्या समुद्राचे पाणी वर्षाचा बराच काळ १५ अंशांच्या खाली असते. एकदम आत गेले की श्वास अडखळतो, छाती धडधडते, माणूस घाबरून धाप टाकतो आणि नाका-तोंडात पाणी जाते. चांगला पोहणाराही पहिल्या दोन मिनिटांत बुडू शकतो. असे झालेच तर हातपाय मारू नका. पाठीवर पडून, कान पाण्यात ठेवून तरंगा. श्वास शांत झाला की मग मदतीला हाक मारा. हृदयरोग्यांनी असले धाडस करूच नये.

भरतीचेही तसेच. काही ठिकाणी ओहोटीला वाळू मैलभर उघडी पडते आणि पाणी परत येताना मागून वेढते. २००४ च्या फेब्रुवारीत मोरेकॅम्बच्या खाडीत शिंपल्या गोळा करणारे किमान २१ चिनी मजूर असेच बुडाले. ते पोटासाठी परक्या किनाऱ्यावर आले होते आणि तिथली भरती त्यांना ठाऊक नव्हती. वाळूत लांबवर जाण्याआधी भरतीची वेळ बघा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहा. कोणी बुडताना दिसले तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागा, स्वतः उडी घेऊ नका.

दवाखाना, दात आणि गोळ्या

सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयांना व्हिसासाठी टीबीची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते. माझ्याकडचा एक्स-रे त्यासाठी चालत नाही. बहुतेकांना व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरावा लागतो. तो २०२४ पासून नोकरदारांना वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थ्यांना ७७६ पौंड आहे. आरोग्यसेवेच्या व्हिसावर जाणाऱ्या डॉक्टर-नर्सना तो माफ आहे.

पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. आजारी पडल्यावर नोंदणी करायला धावू नका. साध्या तक्रारीला फार्मासिस्ट, सल्ल्यासाठी १११, जिवावरचे असेल तर ९९९. आपल्यासारखे मेडिकलवर जाऊन अँटिबायोटिक मागता येत नाही आणि साध्या व्हायरल तापाला ते मिळतही नाही. ती त्यांची चांगली सवय आहे, त्यावरून डॉक्टरला नावे ठेवू नका.

दातांचे काम मात्र इथूनच करून जा. सरकारी दरात नवे रुग्ण घेणारे दंतवैद्य किनाऱ्यावर फार कमी, आणि खासगी खर्च डोळे पांढरे करणारा. रूट कॅनाल, किडलेला दात, अक्कलदाढ, जे असेल ते निघण्याच्या दोन महिने आधी उरका.

बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या तीन महिन्यांच्या न्या, मूळ पाकिटासह. चिठ्ठीवर ब्रँडचे नाव नको, औषधाचे मूळ नाव हवे. आपल्याकडची तीन औषधे एकात असलेली गोळी तिथे मिळेलच असे नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, ट्रॅमाडॉल अशा नियंत्रित औषधांसाठी डॉक्टरांचे पत्र जवळ ठेवा.

मुलाकडे भेटीला जाणाऱ्या आई-वडिलांनी एक लक्षात ठेवावे. व्हिजिटर म्हणून गेलेल्याला रुग्णालयात भरती व्हावे लागले तर सरकारी दराच्या दीडपट बिल येते. विमा काढताना जुने आजार लपवू नका. लपवलेला आजार निघाला की विमा कंपनी हात वर करते.

मनाचे काय

नोव्हेंबरपासून तिथली बरीच दुकाने अर्धी बंद होतात, रस्ते ओस पडतात, वारा मात्र चालू असतो. सहा महिन्यांनी फोनवर मुलाचा आवाज बारीक होतो, झोप बिघडते, सुट्टीच्या दिवशी तो दिवसभर पडून राहतो. घरच्यांना वाटते, थकला असेल. नाशिक जिल्ह्यातल्याच भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०९ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर मायदेशाच्या ओढीने व्याकूळ झाले आणि त्यांनी सागराला उद्देशून कविता लिहिली. ती आज सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. तेवढ्या कणखर माणसाला त्या किनाऱ्यावर गलबलून आले, तर तुमच्या मुला-मुलीला येणारच. त्यात कमीपणा नाही. दुपारी मिळेल तेवढ्या उजेडात अर्धा तास चालणे, आठवड्यात एकदा माणसांत जेवणे आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त उदास वाटले तर जीपीला सांगणे, एवढे तरी करा. रात्री-अपरात्री फार जड झाले तर ११६ १२३ या मोफत क्रमांकावर बोलायला माणूस असतो. आणि घरच्यांनी "पगार किती वाचला" याच्या आधी "जेवलास का, झोपलास का" विचारावे.

माझा मुलगा सांगतो की त्याच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना भेटायला आठ-आठ दिवस कोणी येत नाही. त्यांची मुले लंडनला. मी इथे सटाण्यात ज्यांना तपासतो, त्यांची मुले पुण्याला, दुबईला, इंग्लंडला. तज्ज्ञ लागला की आम्हीही रुग्णाला नव्वदेक किलोमीटरवर नाशिकला पाठवतो. समुद्रकाठच्या शहराची एक बाजू पाण्याने अडलेली, म्हणून मोठा दवाखाना लांब. आमच्याकडे पाणी नाही, तरी लांबच. माझ्याच घरातला डॉक्टर तिथली कमतरता भरून काढतो आहे, याचा अभिमान वाटतो आणि इथली रिकामी खुर्चीही दिसते. दोन्ही खरे आहे. त्याला परत ये म्हणण्याचा हक्क मला आहे की नाही, हे मी अजून ठरवलेले नाही.

तुमच्या घरातून कोणी निघत असेल, तर तीन महिने आधी त्याला जुनी फाइल घेऊन जवळच्या डॉक्टरकडे पाठवा. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून घ्या, लसींची नोंद काढा, दात दाखवा आणि औषधांची यादी मूळ नावांनी लिहून घ्या. सामानात लोणचे-पापड-चटण्या जातीलच. त्याच पिशवीत हा एक कागदही ठेवा.

काळजी घ्या, स्वस्थ राहा.