खिडकीची काळी पट्टी

कॉस्टिकमध्ये ॲल्युमिनियम बुडवलं की आधी काहीच होत नाही. वरचा जुना थर विरघळेपर्यंत धातू गप्प असतो. मग एकाएकी बुडबुडे सुटतात, ट्रे गरम होतो आणि घशाला झोंबणारी वाफ वर येते. गेल्या महिन्यात हाइलब्रॉनमधल्या माझ्या गॅरेजात ती नाकात शिरली. मी दार सताड उघडलं, पण तोवर मनाने बाबांच्या भोसरीच्या शेडमध्ये पोचलो होतो.

ट्रेमध्ये होती १९८६ च्या पोर्शे ९४४ च्या खिडकीची पट्टी. गाडीचं बाकी सगळं उत्तम आहे. काचांभोवतीच्या काळ्या पट्ट्या तेवढ्या जांभळट तपकिरी झाल्या होत्या, कोपऱ्यांत पांढुरके डाग पडले होते. त्यांतला रंग उन्हाने जातो, आणि गाड्या धुण्याची अल्कलीयुक्त द्रावणं थरच खातात. सगळ्यांचा सल्ला एकच: पॉलिश पेपर मार, प्रायमर दे, सॅटिन काळा स्प्रे फवार, एका दुपारचं काम. मला ते मुळीच पटलं नाही. स्प्रेचा रंग धातूच्या अंगावर बसतो आणि कधीतरी पापुद्रे धरून निघतो. ॲनोडायझिंगचा काळा असा वरून दिलेला नसतो. सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत पट्टीला वीज दिली की तिच्याच धातूचा ऑक्साइड होतो, आणि त्या थरात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं शेजारी शेजारी उभी राहतात. त्यांत रंग मुरवायचा आणि उकळत्या पाण्यात छिद्रांची तोंडं मिटवायची. सगळा थर २० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाच्या निम्म्याहूनही पातळ. रसायन मात्र माणकाचं आणि नीलमचंच.

बाबांचं आयुष्य या थरात गेलं. एमआयडीसीतली पत्र्याची शेड, ॲसिडची टाकी, रेक्टिफायर, रंगाच्या दोन टाक्या, आणि दारात चलानांचा गठ्ठा. ॲसिड तापलं की थर भुसभुशीत होतो, बोट फिरवलं तर पांढरी पूड लागते. म्हणून २२ अंशांच्या वर बाबा माल लावत नसत. चिलर घेण्याची ऐपत नव्हती. मे महिन्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी लुनावरून यायची. पाणी ॲसिडमध्ये मिसळू नये म्हणून बर्फ फोडून प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरायचा, झाकणं घट्ट लावायची आणि ते कॅन टाकीत सोडायचे.

त्यातली एक दुपार माझा पिच्छा सोडत नाही. शाळेला सुट्टी होती, थर्मामीटर माझ्या हातात होता. मी "चोवीस" म्हणालो आणि बाबांनी रेक्टिफायर बंद केला. बाहेर टेम्पो उभा. कंपनीचा माणूस दारातून ओरडत होता की लाइन थांबेल, नुकसान तुमच्या बिलातून कापू. बाबा स्टुलावर बसले. "बसा साहेब, चहा घ्या. असा माल मी देणार नाही." आणि ते खरोखर बसून राहिले, पारा उतरण्याची वाट बघत.

हे तंत्र आलं कुठून, ते मी फार उशिरा वाचलं. १९२३ साली इंग्लंडमध्ये बेंगफ आणि स्टुअर्ट यांनी क्रोमिक ॲसिडची पद्धत काढली, ती समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे ड्युरॅल्युमिनचे भाग खाऱ्या पाण्यात गंजू नयेत म्हणून. सल्फ्युरिक ॲसिड त्यानंतर काही वर्षांनी आलं. भोसरीत समुद्र नाही, विमानंही नव्हती. तिथे रेडिओच्या तबकड्या होत्या, शिलाई मशीनचे भाग होते, पंख्यांच्या टोप्या होत्या.

माझी गाडी जिथे जुळवली गेली तो नेकार्सुल्मचा कारखाना इथून सायकलवर जाण्याच्या अंतरावर आहे. तो बंद होणार अशी वेळ आली होती. १८ एप्रिल १९७५ रोजी हजारो कामगार तिथून हाइलब्रॉनपर्यंत चालत आले. फोक्सवागनने सोडून दिलेला ९२४ चा प्रकल्प पोर्शेने घेतला, गाडी नेकार्सुल्ममध्येच जुळवायचं ठरलं, आणि त्या कामाने कारखान्याला आधार दिला. माझी ९४४ त्याच गाडीच्या वंशातली. त्या रस्त्याने जाताना मला दर वेळी त्या लोकांचा अभिमान वाटतो आणि लगेच राग येतो. बाबांची शेड बंद पडली तेव्हा कोणीही चाललं नाही. ज्या कंपनीचा माणूस दारात ओरडत होता, तिने बिलं सहा-सहा महिने अडवली, मग पावडर कोटिंगवर गेल्याचं दोन ओळींचं पत्र पाठवलं. शेवटच्या तीन चलानांचे पैसे आजही आलेले नाहीत. बाबा तो विषय काढत नाहीत. मी काढतो, आणि काढत राहीन.

खालच्या मजल्यावरचे इटालियन आजोबा नेकार्सुल्मला दारं बसवायचे. त्यांना विचारलं, या पट्ट्या कोण करायचं? म्हणाले, बाहेरून यायच्या, कागदात गुंडाळून, लॉरीतून. नाव आठवत नाही. जुन्या गाड्यांच्या लिलावात इंजिनचा नंबर तपासतात, रंगाचा कोड तपासतात, सीटचं कापड कुठल्या गिरणीचं तेही काही जण सांगतात. पट्टी करणाऱ्याची नोंद कुठेच नसते. ही नोंद हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

जवळच्याच एका गावात लहान कामं घेणारा ॲनोडायझर सापडला. बाबांना चिंचवडला फोन करून सांगितलं. त्यांनी गाडीची चौकशी केलीच नाही. "जुना थर पूर्ण निघाला का? वर काजळी येते, ती नायट्रिकने काढ म्हणावं. आणि हे बघ, सगळ्या पट्ट्या एकाच खेपेला, एकाच जिगवर लावायला सांग. काळ्याला काळा जुळत नाही, दोन खेपांचे दोन काळे होतात. दारं शेजारी आली की लगेच दिसतं."

उजव्या दाराची पट्टी अजून रबरात अडकलेली आहे, आणि ते रबर न फाटता काढायचं तर दिवस जरा तापायला हवा. तोपर्यंत डाव्या बाजूचा मालही मी पाठवणार नाही. ॲनोडायझरने दोनदा फोन केला. त्याला थांबायला सांगितलं आहे.