एका रात्रीचे फूल

मी सेवानिवृत्त झालो, त्या दिवशी एका विद्यार्थ्याने मला ब्रह्मकमळाचे पान आणून दिले. "सर, पाणी बेताने घाला," असे त्याने बजावले. पण जन्मभर दुसऱ्यांना सांगत आलेला मी, त्याचे कसचे ऐकतो! कुंडीत मी रोज तांब्याभर पाणी ओतीत गेलो आणि महिन्याभरात ते पान कुजले.

खजील होऊन मी दुसरे पान मागितले. तेव्हा तो म्हणाला, "सर, नावात कमळ असले, तरी हा मेक्सिकोकडचा निवडुंग आहे. आपण पान म्हणतो, ते याचे चपटे खोड. त्यातच तो पाणी साठवतो."

या वेळी मी मातीत वाळू मिसळली, कुंडी कोवळ्या उन्हात ठेवली आणि माती सुकल्यावाचून पाणी घातले नाही. चौथ्या पावसाळ्यात कळी धरली. एका रात्री ती हळूहळू उमलली. शुभ्र पाकळ्यांचा सुगंध अंगणभर दरवळला. शेजारची मुले डोळे चोळीत जमली. उजाडता उजाडता फुलाने मान टाकली.

माया करतानाही हात आवरावा लागतो, हे मला माझ्या विद्यार्थ्याने आधीच सांगितले होते. पटले मात्र त्या रात्री!