अब्बांचे गुडघे दुखत नव्हते

अब्बा खुर्चीवर बसून नमाज पढू लागले तेव्हा आम्हा तिघा भावंडांना वाटलं, गुडघे गेले. सत्तरीनंतर ते जायचेच. आम्ही तेल आणलं, पट्टा आणला. अब्बांनी दोन्ही मुकाट्याने वापरले. एका रात्री दोन वाजता ते खिडकीपाशी बसलेले दिसले. म्हणाले, "आडवं झालं की दम लागतो." मग हळूच म्हणाले, "सजद्यातही लागतो."

अब्बांचं हृदय कमजोर आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. वाकल्यावर लागणारा दमही त्याचंच लक्षण असू शकतो, हे ठाऊक नव्हतं.

इको करताना डॉक्टरीणबाईंनी आम्हालाही आत बोलावलं. अब्बांना डाव्या कुशीवर झोपवून छातीवर जेल लावलं. पडद्यावर लाल-निळे रंग उसळू लागले. लाल म्हणजे शुद्ध रक्त, असं आम्ही समजलो. त्या हसल्या. "लाल म्हणजे आपल्याकडे येणारं, निळं म्हणजे दूर जाणारं." रेल्वे जवळ येताना शिट्टीचा सूर चढतो, दूर जाताना उतरतो. रक्ताचा वेगही तसाच कळतो. हे तत्त्व डॉप्लर नावाच्या शास्त्रज्ञाने 1842 साली मांडलं होतं.

फुप्फुसात हवा असते आणि हवेतून सोनोग्राफीच्या लहरी नीट जात नाहीत. म्हणून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब हृदयातूनच ताडतात. उजव्या बाजूच्या झडपेतून थोडं रक्त मागे गळत होतं. त्याचा वेग सेकंदाला 3.5 मीटर. वेगाचा वर्ग करून चारने गुणला, 49 आले. पोटातली मोठी शीर किती फुगली आहे ते पाहून आणखी 10 मिळवले. एकूण 59. हा दाब साधारणपणे 35 च्या आत असावा लागतो.

"पुढे नाका बंद झाला की मागे गाड्या तुंबतात," बाई म्हणाल्या. "हृदयाची डावी बाजू रक्त पुढे ढकलत नाही, मग ते फुप्फुसात तुंबतं." त्यांनी प्रोब बरगड्यांच्या मध्ये धरला. वरून खाली उतरणाऱ्या पांढऱ्या रेघा दिसल्या, बॅटरीच्या झोतासारख्या. ते फुप्फुसात साचलेलं पाणी होतं.

मग त्यांनी विचारलं, "चाचा, लघवीची गोळी चुकते का?"

अब्बा जमिनीकडे पाहत राहिले. गोळी घेतली की सारखं जावं लागतं, वुजू टिकत नाही. म्हणून जुम्याला आणि बाहेर जायचं असेल त्या दिवशी ते गोळी टाळत होते. कित्येक महिने. हे त्यांनी अम्मीलाही सांगितलं नव्हतं. आणि आम्ही? आम्ही तेलाची बाटली देऊन मोकळे झालो होतो.

बाईंनी रागावण्याऐवजी वेळ बदलून दिली. जुम्याला गोळी नमाजनंतर घ्यायची, पण घ्यायचीच. रोज सकाळी वजन करायचं, दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा. लोणचं आणि सुके बोंबील अम्मीने स्वतःच वरच्या फळीवर ठेवून दिले.

तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. रेघा बऱ्याच कमी झाल्या होत्या. दाब उतरला, पण पूर्ण नाही. अब्बा आता रात्री आडवे झोपतात, अल्हम्दुलिल्लाह. नमाज मात्र अजून खुर्चीवरच.

तुमच्या घरातलं कोणी वडीलधारं खुर्चीवर बसू लागलं, तर गुडघ्यांचं विचाराच. पण दमाचंही विचारा, आणि गोळ्यांचंही. एकांतात विचारा. आमच्या अब्बांना लाज वाटत होती, एवढंच कारण होतं.