आज्जीची शेवंती आणि गॅलरीतला दिवा

शहापुरातलं आमचं जुनं घर विकलं, तेव्हा आज्जीने एकच हट्ट धरला, परड्यातली पिवळी शेवंती बरोबर न्यायची. झुडूप मोठं होतं, ते उपटून आणणं शक्य नव्हतं. मग तिनेच शिकवलं. शेवंतीच्या बुडाशी मुळांतून नवी पिल्लं फुटतात, त्यांना काश्या म्हणतात. अशा सहा काश्या मुळांसकट सोडवून आम्ही टिळकवाडीच्या फ्लॅटमध्ये आणल्या आणि आज्जीच्या खोलीला लागून असलेल्या गॅलरीत तीन कुंड्यांत लावल्या.

रोपं छान वाढली. पावसाळ्यात दोनदा शेंडे खुडले, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात. कुंडीत पाणी साचू दिलं नाही, कारण शेवंतीची मुळं लगेच कुजतात. मावा पडला, तो पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढला. दिवाळी आली, मार्गशीर्षातले गुरुवारही संपले, पण एक कळी नाही. शेणखत घातलं, तर पाला आणखी वाढला. पूजेला गणपत गल्लीतून शेवंती विकत आणावी लागली. आज्जी म्हणाली, "काय गं, भाजी करायला लावलीस काय ही?" आम्ही हसलो, पण ती रोज पानं चुरगाळून वास घ्यायची, तेव्हा वाईट वाटायचं. तिला आता नीट दिसत नाही. घर सुटल्यावर त्या घरातलं एवढंच तिच्या हाताशी उरलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात रोपवाटिकेतल्या मावशींना विचारलं. त्यांनी खताचं काही विचारलंच नाही. म्हणाल्या, "रात्री तिथं दिवा असतो काय?"

असतो. आज्जी एकदा रात्री बाथरूमला जाताना घसरून पडली होती. हाड मोडलं नाही, पण आम्ही सगळे घाबरलो. तेव्हापासून गॅलरीतली ट्यूब रात्रभर चालू असायची.

मावशींनी सांगितलं ते असं. शेवंतीला कळी धरायला लांब, सलग अंधारी रात्र लागते. पावसाळा सरताना दिवस लहान होऊ लागतात, तेव्हा झाडाला फुलायची वेळ कळते. रात्री उजेड पडत राहिला, तर त्याला वाटतं अजून मोठे दिवसच आहेत, आणि ते पानंच काढत बसतं. शेतकरी याच गोष्टीचा उपयोग करून घेतात. फुलं उशिरा हवी असतील तर रात्री दिवे लावतात, लवकर हवी असतील तर काळं कापड टाकून रोपं झाकतात. घरी येऊन वाचलं, तर दिवस-रात्रीच्या लांबीचा फुलण्याशी असलेला हा संबंध 1920 साली गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी मांडला होता. आमच्या गॅलरीत तो समजायला एक वर्ष गेलं.

आता कुंड्या हलवायच्या कुठे? गच्चीवर आज्जी चढू शकत नाही. आणि दिवा बंद करायला बाबा तयार नव्हते. शेवटी आज्जीलाच विचारलं. ती म्हणाली, "बंद करा की तो. डोळ्यावर येतो, वर्षभर मला झोप नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला बरं वाटत होतं, म्हणून गप्प बसले."

आम्ही सगळे गप्प झालो. दिवा लावताना तिला कोणी विचारलंच नव्हतं. मग बाथरूमच्या वाटेवर, जमिनीलगत, एक बारीक दिवा बसवला. भिंतीला धरायला दांडा लावला. ऑगस्टअखेर गॅलरीतली ट्यूब बंद केली.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मोहरीएवढ्या हिरव्या कळ्या दिसल्या. आज्जीने त्या बोटांनी मोजल्या. दिवाळीत पहिली फुलं उमलली आणि तिने ती स्वतः खुडून देवाला वाहिली.

बहर संपला की झाड जमिनीपासून चार-पाच बोटं ठेवून छाटायचं, म्हणजे नव्या काश्या येतात. या वेळी भरपूर येतील. तुमच्या घरीही शेवंती नुसतीच वाढत असेल, तर खत घालण्याआधी रात्री एकदा तिच्याजवळ जाऊन बघा, उजेड कुठून येतो ते. आणि घरात आज्जी असेल, तर तिलाही विचारा, झोप लागते का म्हणून.